शुगर फक्त २१८: डेंग्यूआड लपलेला कीटोॲसिडोसिस

तालुक्याच्या हॉस्पिटलातून आलेल्या चिठ्ठीवर चारच ओळी होत्या. डेंग्यू एनएस१ पॉझिटिव्ह, तापाचा पाचवा दिवस, प्लेटलेट ४६ हजार. धाप लागते आहे, छातीत पाणी झालेलं दिसतं, पुढच्या उपचारांसाठी पाठवत आहोत. आणि खाली कोपऱ्यात, आठवलं म्हणून लिहिल्यासारखं: ‘मधुमेह आहे. शुगर २१८.’

या रुग्णाचा जीव ज्याने धोक्यात आला होता ते सगळं त्या कोपऱ्यातल्या ओळीत होतं, पण २१८ हा आकडा वाचून कुणी दचकत नाही. डेंग्यूच्या तापात मधुमेही माणसाची शुगर दोनशेच्या वर गेली तर त्यात नवल ते काय?

पुढे जाण्याआधी एक खुलासा. हे प्रकरण कुणा एकाच रुग्णाचं नाही. पश्चिम महाराष्ट्रात पावसाळा सरता सरता जे मधुमेही डेंग्यू घेऊन येतात, त्यांच्यात जे पुन्हा पुन्हा दिसतं ते एका बाईंच्या आजारात गुंफलं आहे. आकडेही या आजाराच्या चालीला धरून घेतले आहेत.

घट बसले आणि ताप आला

वय ५२, वजन ५८ किलो. मधुमेहाला अकरा वर्षं झालेली. सकाळी एक मोठी गोळी आणि रात्री झोपताना ग्लार्जिन इन्सुलिनचे १४ युनिट. त्या एका गोळीत औषधं दोन होती, मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन. बाईंच्या लेखी ती ‘सकाळची मोठी गोळी’, बस.

डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट भारतात ऑक्टोबर २०२० मध्ये संपलं. त्यानंतर डझनावारी कंपन्यांनी ते बाजारात आणलं, किंमत धाडकन उतरली आणि शहरातल्या स्पेशालिस्टकडे मिळणारी गोळी खेड्यातल्या मेडिकलमध्ये दिसू लागली. औषध चांगलंच आहे, हे आधी सांगून टाकतो. हृदयाला आणि मूत्रपिंडाला त्याचा जो फायदा होतो तसा फायदा मधुमेहाच्या जुन्या गोळ्यांनी कधी दाखवला नव्हता. ते मूत्रपिंडात गाळलेली साखर परत रक्तात शोषू देत नाही, लघवीवाटे बाहेर सोडतं. दिवसाला साधारण ७० ग्रॅम साखर अशी निघून जाते. शुगर उतरते, वजन थोडं उतरतं, रुग्ण खूश होतो.

बाईंचे नवरात्राचे नऊ दिवसांचे उपवास होते. एक वेळ थोडी भगर, एखादं केळं, बाकी चहा आणि पाणी. चौथ्या माळेला थंडी वाजून ताप भरला, डोळ्यांच्या मागे ठणका, अंग मोडून आलं. घरच्यांनी उपवास सोडायला सांगितलं. ‘घट बसल्यात, आता कसला सोडतीय,’ म्हणून त्यांनी ते उडवून लावलं. तोंडाला चव नव्हती, त्यामुळे होती ती भगरही सुटली. दुसऱ्या दिवशी गावातल्या डॉक्टरांकडून गोळ्या आल्या, तिसऱ्या दिवशी रक्त तपासलं. एनएस१ पॉझिटिव्ह, प्लेटलेट १ लाख १८ हजार, पीसीव्ही (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) ३९, शुगर २४६. भरपूर पाणी प्या, पेशी वाढायला किवी खा, पपईच्या पानांचा रस घ्या, असं शेजारपाजारच्यांसकट सगळ्यांनी सांगितलं. ओआरएसची पुडी आणली होती, पण त्यात साखर असते म्हणून ती कपाटातच राहिली. शहाळंही गोड, म्हणून नको.

तापाच्या दुसऱ्या रात्रीपासून बाईंनी इन्सुलिन बंद केलं. कारण सरळ होतं: पोटात काही नाही, मग इन्सुलिन घेऊन शुगर एकदम उतरली तर? सकाळची मोठी गोळी मात्र एक दिवसही चुकली नाही. गोळी चुकवायची नाही, हे अकरा वर्षं प्रत्येक डॉक्टरने त्यांच्या मनावर ठसवलेलं.

या निर्णयाला अडाणीपणा म्हणणं सोपं आहे, पण मला ते पटत नाही. त्यांच्यापुढे जे ज्ञान होतं त्यावरून काढलेला तो तर्कशुद्ध निष्कर्ष होता. इन्सुलिनने शुगर कमी होते हे त्यांनी अनुभवलं होतं, दरदरून घाम सुटून हातपाय कापलेले होते. गोळीने असं कधीच झालं नव्हतं. म्हणून जे भीतीचं ते थांबवलं आणि जे निरुपद्रवी ते चालू ठेवलं. अडचण एवढीच की आजारपणात न जेवणाऱ्या माणसासाठी नियम नेमका उलटा आहे. रात्रीचं बेसल इन्सुलिन जेवणासाठी नसतंच. पोट रिकामं असतानाही यकृतातून साखर आणि चरबीतून आम्लं बाहेर पडत असतात, त्यांना लगाम घालायला ते असतं. तापात तो लगाम जास्तच लागतो, कारण विषाणूशी लढताना शरीर कॉर्टिसॉल, ॲड्रेनलिन, ग्लुकागॉन यांचा मारा करतं आणि हे तिन्ही इन्सुलिनच्या विरोधात काम करतात. नेहमीचे १४ युनिट जिथे अपुरे पडले असते तिथे शून्य पडत होते.

इन्सुलिन नाही म्हणून चरबी वितळते, यकृत तिचे कीटोन बनवतं, रक्तात आम्ल साचतं. हाच कीटोॲसिडोसिस. एरवी याच्या जोडीला शुगर चारशे-पाचशे होते, ग्लुकोमीटर ओरडतो आणि घरचे दवाखाना गाठतात. इथे मात्र डापाग्लिफ्लोझिन ती साखर लघवीतून बाहेर काढत होतं. आगीचा धूर परस्पर बाहेर टाकणारा पंखा चालू होता, आत जळतच होतं.

ताप उतरला तो दिवस

सातव्या माळेला ताप उतरू लागला. घरात हायसं वाटलं. डेंग्यूत हाच दिवस फसवा असतो, हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही फिजिशियनला झोपेतून उठवून विचारा. ताप उतरताना, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या मध्ये, रक्तवाहिन्या झिरपू लागतात आणि पुढचे २४ ते ४८ तास सगळ्यात धोक्याचे असतात. त्याच संध्याकाळी बाईंना उलट्या सुरू झाल्या, पोटात कळा येऊ लागल्या. रात्री मुलाने विचारलं, लघवी होते का? चार वेळा झाली, भरपूर झाली. डेंग्यूच्या रुग्णाची लघवी होतेय ना ते बघा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मुलगा निर्धास्त झोपला.

आठव्या माळेला दुपारी त्या गुंगल्यासारख्या पडून होत्या आणि श्वास जोरजोरात चालला होता. ‘आईला कायतरी वेगळंच व्हायलंय,’ म्हणत मुलाने गाडी काढली.

तालुक्याच्या हॉस्पिटलात बीपी ९४/७४, नाडी १२४, श्वास मिनिटाला ३४. प्लेटलेट ४६ हजार, पीसीव्ही ४७. सोनोग्राफीत पित्ताशयाची भिंत सुजलेली, उजव्या फुप्फुसाभोवती थोडं पाणी. आता जागतिक आरोग्य संघटनेची डेंग्यूच्या धोक्याच्या लक्षणांची २००९ ची यादी समोर ठेवा: थांबत नाही अशी उलटी, पोटदुखी, सुस्ती, पोटात किंवा छातीत पाणी, प्लेटलेट उतरत असताना चढणारा पीसीव्ही. बाईंचं जवळजवळ प्रत्येक लक्षण त्या यादीत चपखल बसत होतं. तिथल्या डॉक्टरांनी डेंग्यूचं निदान केलं आणि ते बरोबरच होतं. नेमकं म्हणूनच दुसरं निदान शोधायची गरज कुणाला भासली नाही. चुकलेल्या निदानापेक्षा अर्धं बरोबर निदान जास्त अडवतं.

एक गोष्ट मात्र त्या यादीत बसत नव्हती, आणि ती बघायला कुठलंही यंत्र लागत नाही.

श्वासाकडे बघा

आमच्याकडे आल्या तेव्हा रात्रीचे साडेआठ वाजले होते. ऑक्सिजन लावला होता, तो काढून दोन मिनिटं थांबलो: साध्या हवेवर ९८ टक्के. छातीत पाणी भरून जो माणूस धापा टाकतो त्याचा श्वास उथळ असतो, तो उठून बसायला धडपडतो आणि ऑक्सिजन उतरलेला असतो. या बाई उताण्या पडल्या होत्या आणि श्वास खोल, लयीत, न थांबता चालला होता. पळून आल्यावर चालतो तसा, पण त्या तर हललेल्याही नव्हत्या. उजवीकडे खाली आवाज जरा कमी, बाकी फुप्फुसं स्वच्छ. सोनोग्राफीत दिसलेलं बोटभर पाणी मिनिटाला ३४ श्वास घ्यायला लावत नाही.

‘मावशी, जीभ दाखवा बघू.’ जीभ लाकडासारखी कोरडी. तोंडाला किंचित फळासारखा वास येत होता. खरं तर हा वास सगळ्यांना येत नाही, काहींच्या नाकाला तो कळतच नाही, त्यामुळे त्यावर विसंबू नये. फुप्फुसं चांगली आणि श्वास एवढा खोल, म्हणजे शरीर कर्बवायू बाहेर टाकून आम्ल कमी करायला बघतंय. लगेच धमनीतलं रक्त एबीजीला, म्हणजे रक्तातलं आम्ल आणि वायू मोजायच्या तपासणीला गेलं. प्लेटलेट कमी, त्यामुळे मनगटावर पुढे दहा मिनिटं दाबून धरावं लागलं.

पीएच ७.१२ (आकडा जेवढा खाली, तेवढं आम्ल जास्त), कर्बवायूचा दाब १७, आम्ल मारणारं बायकार्बोनेट ५.४. सोडियम १३१, क्लोराइड १०१, म्हणजे ॲनायन गॅप, साचलेल्या जादा आम्लाचा अंदाज देणारा आकडा, २५च्या घरात. लॅक्टेट २.६. प्रयोगशाळेतली शुगर २१४. रक्तातलं कीटोन, म्हणजे बीटा हायड्रॉक्सी ब्युटिरेट, ५.८ मिलिमोल. लघवीत साखर ४ प्लस, कीटोन ३ प्लस. पोटॅशियम ३.४. पांढऱ्या पेशी ८,४००.

यातला शेवटचा आकडा गमतीचा आहे. डेंग्यूत पांढऱ्या पेशी उतरतात, कीटोॲसिडोसिसमध्ये नुसत्या ताणानेच चढतात. दोन्ही एकत्र आले की अहवालावर ‘नॉर्मल’ छापून येतं.

लॅक्टेटचा मुद्दा मात्र महत्त्वाचा. डेंग्यूचा शॉक आणि मेटफॉर्मिन, दोन्हींमुळे लॅक्टिक ॲसिड वाढू शकतं, आणि अशा रुग्णात आम्लता दिसली की पहिला संशय तिकडेच जातो. पण २५च्या गॅपचा हिशोब २.६ लॅक्टेटने लागत नाही. उपवासाचं काय? उपाशी माणसाच्या लघवीतही कीटोन येतात, नवरात्रात तर हमखास. पण निव्वळ उपासमारीने बायकार्बोनेट सहसा १८च्या खाली घसरत नाही. ५.४ म्हणजे कीटोॲसिडोसिस, तोही शुगर न वाढता झालेला.

हा प्रकार नवा नाही. अमेरिकेच्या औषध नियामकाने डापाग्लिफ्लोझिनसारख्या फ्लोझिन गटातल्या गोळ्यांबद्दल हा इशारा मे २०१५ मध्येच दिला होता. २०२४ मध्ये अमेरिका आणि युरोपच्या मधुमेह संघटनांनी मिळून कीटोॲसिडोसिसची व्याख्या बदलली, तेव्हा शुगरची अट २५० वरून २०० वर आणली आणि पुढे ‘किंवा आधीपासून मधुमेह असल्यास’ असंही जोडलं. म्हणजे रुग्ण मधुमेही असेल तर शुगर कितीही असो, कीटोन आणि आम्लता बघूनच निदान करायचं. कागदावर हे झालं, तालुक्याच्या अपघात विभागात अजून शुगरचाच आकडा चालतो.

सलाईन किती?

इथून पुढचा भाग या प्रकरणात मला सर्वांत अवघड वाटतो, म्हणून जरा थांबून सांगतो.

कीटोॲसिडोसिसचा रुग्ण कोरडा पडलेला असतो. पुस्तकाप्रमाणे पहिल्या तासात किलोमागे १५ ते २० मिली सलाईन, म्हणजे या बाईंना लिटरभर, आणि पुढचे काही तास हात सैल. डेंग्यूत रक्तवाहिन्या गळक्या असतात. दिलेलं पाणी वाहिनीत थांबत नाही, छातीत आणि पोटात उतरतं, आणि दोन दिवसांनी गळती थांबली की तेच पाणी परत रक्तात येऊन फुप्फुसं भरतं. म्हणून डेंग्यूत हात आखडता, दर तासाला हिशोब. एका आजाराचं पुस्तक उघडलं तर दुसऱ्या आजाराने माणूस जातो.

त्यातून नेहमीच्या खुणाही निकामी. डेंग्यूत पाणी पुरतंय की नाही हे लघवीवरून कळतं, पण या बाईंच्या लघवीत गोळीमुळे साखर उतरत होती आणि साखरेबरोबर पाणी ओढलं जात होतं. शरीर कोरडं पडत असतानाही लघवी भरपूर. मुलगा रात्री निर्धास्त झोपला तो याच खुणेवर. दुसरी खूण पीसीव्ही. तो गळतीनेही चढतो आणि नुसत्या कोरडेपणानेही. सुरुवातीच्या ४७ मध्ये गळती किती आणि कोरड किती, हे त्या क्षणी कुणीच सांगू शकत नाही.

मग उरतं काय? नाडी, बीपीच्या वरच्या-खालच्या आकड्यातलं अंतर, हातापायांची ऊब, नख दाबून सोडल्यावर रंग परत यायला लागणारा वेळ. बीपी ९४/७४ म्हणजे अंतर फक्त २०, तळवे गार. हा शॉकच होता, अजून झाकलेला. डेंग्यूच्या नियमाने किलोमागे १० मिली, म्हणजे सुमारे ५८० मिली रिंगर लॅक्टेट हे सलाईन पहिल्या तासात दिलं. तासाभराने बीपी १०४/७२, नाडी ११२, तळवे कोमट, पीसीव्ही ४४. मग दोन तास ताशी ३००, त्यानंतर ताशी १७० मिली. प्रत्येक पायरीला आधी रुग्णाला हात लावायचा, मगच ड्रिपला.

इन्सुलिन पहिले दोन तास दिलंच नाही. कीटोॲसिडोसिस ओळखला की इन्सुलिन सुरू करायला हात शिवशिवतात, पण पोटॅशियम ३.४ होतं. इन्सुलिन पोटॅशियम पेशींच्या आत ढकलतं. ३.५च्या खाली असताना ते सुरू केलं तर हृदयाची लय बिघडू शकते. उलट्या आणि साखरेची लघवी या दोन्हींतून बाईंचं पोटॅशियम दिवसभर वाहून गेलं होतं. ईसीजी मॉनिटरवर ठेवून आधी सलाईनमधून केसीएल (पोटॅशियम क्लोराइड) दिलं, ३.७ झालं, मग ताशी ३ युनिटने इन्सुलिनचा पंप चालू केला. किलोमागे ०.०५. शुगर मुळातच कमी असली की एवढ्यावर भागतं.

आणि इन्सुलिनबरोबर पहिल्या मिनिटापासून डेक्स्ट्रोज. मधुमेही रुग्णाला साखरेचं सलाईन लावताना बघून मुलगा दारातून आत आला. ‘सर, शुगर हाय तिला.’ प्रश्न रास्त होता. त्याला म्हटलं, आईला इन्सुलिनची गरज आहे, पण इन्सुलिन पचवायला साखर हवी. ५ टक्क्यांऐवजी १० टक्क्यांचं डेक्स्ट्रोज घेतलं, कारण तेवढीच साखर निम्म्या पाण्यात जाते आणि गळक्या वाहिन्यांच्या रुग्णात प्रत्येक मिली मोजून द्यायचा असतो. ताशी १०० मिली डेक्स्ट्रोज हे वर सांगितलेल्या १७० मध्येच धरलेलं. बायकार्बोनेट दिलं नाही, पीएच ७च्या खाली गेला असता तर विचार केला असता. मानेतली सेंट्रल लाईनही टाळली. ४० हजारांच्या आसपास प्लेटलेट असताना दोन चांगल्या शिरांवर भागत असेल तर मानेत सुई का घालायची?

पहाटे तीनला शुगर १३८ आली. ड्यूटीवरच्या ज्युनिअरने पंप बंद करायची परवानगी मागितली. नेहमीच्या रुग्णात असा आकडा बघून आपणही तेच करू. पण कीटोन अजून ४.४ होतं. पंप बंद केला असता तर शुगर छान दिसली असती आणि तासाभरात आम्ल पुन्हा वर चढलं असतं. इन्सुलिन तसंच ठेवलं, डेक्स्ट्रोज १०० वरून १२५ केलं, रिंगर तेवढं कमी केलं. या आजारात इन्सुलिनचं काम शुगर उतरवणं नाहीच, कीटोन थांबवणं आहे. शुगर सांभाळायला डेक्स्ट्रोज आहे.

बारा तासांनी कीटोन २.६ वर आलं, आणि त्याच वेळी पीसीव्ही ४२ वरून ४६ झाला. आता मात्र अर्थ स्पष्ट होता. कोरड भरून निघाली होती, कीटोन उतरत होतं, तेव्हा ही चढ गळतीचीच. दोन तासांपुरतं पाणी वाढवलं आणि परत खाली आणलं. बाविसाव्या तासाला कीटोन ०.५, पीएच ७.३३, बायकार्बोनेट १८. रात्रीचं ग्लार्जिन टोचून दोन तास थांबलो आणि मगच पंप काढला.

पेशी, आणि दुसरी धाप

या सगळ्या काळात बाहेर बसलेल्या नातेवाइकांचा प्रश्न एकच होता: पेशी किती झाल्या? आम्ही पीएच आणि पोटॅशियमच्या मागे, आणि ते रक्तपेढीला फोन लावत. तापाच्या सातव्या दिवशी प्लेटलेट २४ हजारांवर गेल्या. हिरड्यांतून, लघवीतून, कुठूनही रक्त नव्हतं. प्लेटलेटची पिशवी चढवली नाही. रक्तस्राव नसताना नुसत्या आकड्यासाठी प्लेटलेट चढवून फायदा होत नाही, उलट पाणी मात्र वाढतं. हे समजावून सांगण्यात जेवढा वेळ गेला तेवढा एबीजी वाचण्यात गेला नव्हता. पुढे पेशी आपोआप चढू लागल्या, श्रेय पपईच्या पानांना मिळालं. असो.

दाखल झाल्यापासून चाळीसेक तासांनी बाईंना परत धाप लागली. ही धाप वेगळी होती. आता श्वास उथळ होता, त्या उशीला टेकून बसल्या होत्या, ऑक्सिजन ९३, दोन्ही फुप्फुसांत खाली बुडबुडल्यासारखा आवाज. बीपी १३६/८०, पीसीव्ही ३६. गळती थांबून पाणी परत आलं होतं. कीटोन बघितलं, ०.७. सलाईन पूर्ण बंद, लघवीवाटे पाणी काढणारं फ्युरोसेमाइड २० मिलिग्रॅम, पोटॅशियमवर नजर. चार तासांत त्या सपाट झोपू शकल्या. एकाच रुग्णाच्या दोन धापा, एकीत पाणी द्यायचं आणि दुसरीत काढायचं.

आणखी एक गोष्ट तिसऱ्या दिवशी दिसली. डापाग्लिफ्लोझिनची शेवटची गोळी पोटात जाऊन दोन दिवस उलटून गेले होते, तरी लघवीत साखर ४ प्लसच होती. जेवण नको म्हणून त्यांनी ताट परत पाठवलं आणि संध्याकाळी कीटोन १.४ झालं. गोळीचा असर रक्तातून औषध गेल्यावरही रेंगाळतो. अशा रुग्णाला एकदा सुधारला म्हणून सोडून देता येत नाही. मऊ भात, ताक आणि जेवणाबरोबरचं इन्सुलिन, एवढ्यावर ते परत उतरलं. कोजागिरीच्या आदल्या दिवशी बाई घरी गेल्या.

कोव्हिडने हेच दाखवलं होतं

विषाणू वेगळा, गोष्ट तीच. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्राने मधुमेहाची आणीबाणी मोठ्या प्रमाणावर पाहिली. तेव्हा भर होती स्टेरॉइडची. डेक्सामेथासोन दिवसाला ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस, आणि तेही ऑक्सिजन लागणाऱ्यांनाच, असं ‘रिकव्हरी’ नावाच्या मोठ्या औषध चाचणीने २०२० मध्ये दाखवून दिलं होतं. प्रत्यक्षात घरी बसलेल्यांनाही ते मिळालं. शुगर पाचशे-सहाशेला भिडल्या, म्हातारी माणसं कोरडी पडून बेशुद्ध होऊ लागली. या प्रकारात आम्ल फारसं नसतं, रक्त साखरेने दाट होतं. आणि ज्यांच्यात आम्ल होतं त्यांच्यामागे काळी बुरशी लागली. रक्त आंबट झालं की प्रथिनांना बांधलेलं लोह सुटं होतं आणि म्युकरला, म्हणजे या बुरशीला, नेमकं तेच हवं असतं. मे २०२१ मध्ये केंद्राने राज्यांना म्युकरमायकोसिस नोंदणीयोग्य आजार करायला सांगितलं.

त्याच काळात भारतासह सात देशांत, कोव्हिडने दाखल झालेल्या १,२५० रुग्णांवर डापाग्लिफ्लोझिनची चाचणी झाली. औषधाने ठळक फायदा दिसला नाही, पण कीटोॲसिडोसिसही औषध घेणाऱ्यांत दोघांनाच झाला. मी याचा अर्थ असा लावतो: रोज रक्त तपासणारे डॉक्टर भोवती असताना ही गोळी आजारपणातही फार त्रास देत नाही. त्रास होतो तो घरी, उपाशीपोटी, इन्सुलिन बंद करून, कुणी बघत नसताना.

घरी जाताना

डिस्चार्जच्या कागदावर औषधांखाली मोकळी जागा होती, तिथे मराठीत लिहून दिलं. ताप, उलटी, जुलाब, किंवा जेवण निम्म्यावर आलं तर नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ असलेली गोळी त्याच दिवशी थांबवायची. ती दुसऱ्या औषधाबरोबर एका गोळीत असली तरी थांबवायची, मेटफॉर्मिनही उलट्या-जुलाबात नको. रात्रीचं इन्सुलिन थांबवायचं नाही, कमी करायचं तर विचारून. दर तीन-चार तासांनी पेज, मऊ भात, आंबील, ओआरएस, काहीतरी पोटात गेलंच पाहिजे, शुगर वाढेल म्हणून उपाशी राहायचं नाही. उलटी आणि खोल श्वास असेल तर शुगर १५० असली तरी दवाखान्यात यायचं आणि ‘कीटोन बघा’ असं तोंडाने सांगायचं. हे शेवटचं वाक्य मी मुद्दाम मुलाकडून दोनदा म्हणवून घेतलं. रक्तातलं कीटोन मोजायची सोय सगळीकडे नसते, पण लघवीच्या कीटोनची स्ट्रिप कुठल्याही छोट्या लॅबमध्ये असते. ती पॉझिटिव्ह आली की पुढचं शोधता येतं.

गोळी परत सुरू करायची का, हा प्रश्न दोन महिन्यांनी आला, आणि तो सोपा नव्हता. बाईंच्या लघवीत अल्ब्युमिन हे प्रथिन जात होतं. मूत्रपिंड वाचवायला हेच औषध उत्तम. सी-पेप्टाइड मुद्दाम आजार पूर्ण निवळल्यावर तपासलं, कारण ऐन आजारात स्वादुपिंड दबलेलं असतं. ते कमी आलं. म्हणजे शरीराचं स्वतःचं इन्सुलिन जेमतेम उरलेलं. मधुमेहाचा प्रकार दुसरा असला तरी अशा रुग्णात पुढचा ताप पुन्हा तिथेच नेऊ शकतो. मूत्रपिंडासाठी दुसऱ्या गटातली रक्तदाबाची गोळी सुरू केली, इन्सुलिन दिवसातून चार वेळा झालं, आणि फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिलं: फ्लोझिन गटातलं औषध देऊ नये.

पुढच्या नवरात्राचंही त्यांनी विचारलं. दोन्ही वेळा राजगिरा किंवा भगर खाणार असाल, इन्सुलिन चालू ठेवणार असाल, आणि कणकण आली तर त्याच दिवशी उपवास सोडणार असाल तर करा, असं सांगितलं. त्या मुलाकडे बघून हसल्या. मुलाने मग पिशवीतून आधीच्या गोळ्यांच्या दोन न फोडलेल्या पट्ट्या काढल्या आणि विचारलं, महागाच्या आहेत, चुलत्यांनाही शुगर आहे, त्यांना चालतील का? चुलत्यांचं वय ७०, इन्सुलिनवर, आणि एकादशी-चतुर्थी दोन्ही धरणारे. पट्ट्या ठेवून घेतल्या आणि चुलत्यांना त्यांच्या फाइलसकट तपासणीला बोलावलं.